ढू नका

जुन्या बाजारात, बुधवारी, किलोनं मिळाला.
मुनीर शिकलगारनं काट्यावर चढवला: अकरा किलो आठशे.
"लोखंड आहे बाई, तांबं आत. फोडा नि विका."
फोडला नाही.
कुंभारवेशीपासून येरवड्यापर्यंत रिक्षात
त्याचा कोपरा मांडीत रुतत राहिला.

तीस वर्षं भोसरीत मीटर तपासले मी,
दुसऱ्यांच्या सुया शून्यावर आणल्या.
व्हॉल्व्हचा सप्लाय मात्र ऐकूनच माहीत:
आधी तापतो, मग बोलतो,
आणि हात लागला तर विसरू देत नाही.

तळाचा पत्रा काढला.
झुरळांची अंडी, मेणाचे ओघळ,
तारांच्या जुड्या मेणदोऱ्यानं बांधलेल्या,
दर बोटभर अंतरावर एक गाठ.
आणि चेसिसवर शिसपेन्सिलीनं
अर्धं मेणात बुडालेलं वाक्य:
ढू नका. – तुंगार, ७१

काय ढू नका?
ओढू नका? वाढू नका?
चढू नका म्हणालात तरी ऐकेन, तुंगार.
पाट्या लावायची आपल्या गावाची हौस
तुम्ही पेटीच्या पोटात नेलीत.

कंडेन्सर सोडवून बाजूला घेतले.
पन्नास वर्षांचे उपाशी,
एकदम पोटभर दिलं तर फुटतात.
लंघन झालेल्याला पेज द्यावी तसं
सोमवारी चाळीस व्होल्ट, मंगळवारी नव्वद.
मिलिअँपची सुई उसळली की अधाशीपणा,
हळूहळू उतरली की पचतंय.
एक फुगला. तो गेला.
बाकीचे शनिवारी जेवायला बसले.

कंपनीचा नकाशा झाकणाच्या आतून चिकटवलेला,
कसरीनं कोपरा खाल्लेला.
तो समजायला एक रात्र लागली, दोनदा चहा गार झाला.
एक नळी आहे, जांभळी पेटणारी,
ती दीडशे व्होल्टवर अडून बसते, काही होवो.
दुसरी तिच्याकडे बघून बाहेरचं मोजते,
कमी झालं की सांगते, जास्त झालं की सांगते.
आणि दोन जाडे व्हॉल्व्ह, शेजारी शेजारी,
मागितलं तेवढंच पुढे सोडतात,
उरलेलं अंगावर घेतात.
म्हणून तापतात.
मी आधी वहीत लिहिलं होतं: बिघाड.

त्यातल्या एकाच्या ग्रिडला एक रेझिस्टर.
नकाशात नाही. रंग वेगळा, डाग वेगळ्या हाताचा.
जे नकाशात नाही ते चूक,
हे तीस वर्षांचं वळण.
काढला. सरळ तार जोडली.

डावा हात खिशात, उजव्यानं खटका.
फिलामेंट आधी अंगार, मग केशरी.
जळक्या धुळीचा वास.
सुई चढत तीनशेवर आली
आणि तिथं उभी राहून थरथरायला लागली,
थंडीतल्या मांजरीसारखी.
व्हॉल्व्हची प्लेट कुंकू झाली.
भिंतीपलीकडे ओसवालांच्या रेडिओत
सातच्या बातम्यांवर करवत फिरली.
बंद.

कंडेन्सर रिकामे होईपर्यंत थांबले, मोजून पाच मिनिटं.
मग केसांची पिन तापवली
आणि मेण खरवडलं.
खाली एकच अक्षर होतं.

का

तुंगार, तुमची सुईही अशीच थरथरली असणार.
कुठल्या लॅबमध्ये, कुणाच्या शिव्या खात,
किती वेळा बंद-चालू करून
तुम्ही हा पाच पैशांचा तुकडा तिथं ठेवलात,
आणि कंपनीला कळवलंत की नाही,
की कळवूनही नकाशा तसाच छापत राहिले?

तोच रेझिस्टर परत लावला. राळ जास्त झाली,
डाग तुमच्यासारखा गोल नाही आला.
तीनशे.
सुई हलत नाही.

घरात याच्यावर चालवायला काही नाही.
तरी तासभर चालू ठेवला,
दिवा मालवून त्या जांभळ्या नळीसमोर बसले.
ओसवाल दारात येऊन म्हणाले, ताई,
मघाशी काहीतरी झालं होतं का?